२५ मीटर बेंचरेस्ट: स्कोअर २२० वर अडकलाय? आधी खरेदी थांबवा, कार्ड वाचा

पौडकडे मामांच्या शेतावर दर रविवारी ११ ते १ या वेळात बेंचरेस्टची (टेबलावर रायफल टेकवून नेम धरायचा खेळ) कार्डं, म्हणजे छापील वर्तुळांचे कागद, मारणाऱ्या भाऊंचा प्रश्न वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांच्याकडे .१७७ इंची छर्‍याची पीसीपी (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल) आहे, दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर नाही, ८.४४ ग्रेन वजनाचे जेएसबी कंपनीचे छर्रे वापरतात, ६ ते २४ पट मोठं दाखवणारा ६-२४x५० चा स्कोप, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि मागे दस्त्याखाली डाव्या हाताची मूठ. २५ मीटरवर २५० पैकी २१२ ते २२५ पडतात, एकदाच २३३ पडले होते आणि वर्ष झालं गाडी तिथेच उभी आहे. ते विचारतायत की आता छर्रे वजन करायचा डिजिटल काटा घेऊ, का बॅरल बदलून घेऊ, का ही विकून सरळ इंपोर्टेड रायफल घेऊ. "कधी कधी ५ छर्रे एकाच भोकात जातात आणि मग एकदम एक भलतीकडेच जातो" हे पण त्यांनी लिहिलंय.

मी पुण्यातच १४ वर्षं हे करतोय, सुरुवात स्प्रिंगवाल्या रायफलनं केली आणि गेली ९ वर्षं पीसीपी. उत्तर मोठं होणारे, चहा घेऊन बसा.

तर सध्या तिन्हीपैकी काहीही घेऊ नका. २५० तून २२० म्हणजे २५ छर्‍यांत ३० पॉइंट गेले. हे ३० कुठे गेले ते तुम्हाला माहीत नाही आणि माहीत नसताना तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभे आहात. समजा त्यातले २० वार्‍यानं नेले असतील तर लाखभराची रायफल आणली तरी ते २० जाणारच, कारण वार्‍याला रायफलची किंमत कळत नाही. खरा प्रश्न काय घेऊ हा नाहीये, माझे पॉइंट कोण नेतंय हा आहे. आणि याचं उत्तर तुमच्याच जुन्या कार्डांवर पडलेलं आहे, फक्त तुम्ही बेरीज करून कार्ड टाकून देताय.

एक कबूल करतो की मी तुमची रायफल हातात घेतलेली नाही, शेत पाहिलेलं नाही, ट्रिगर कसा आहे माहीत नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातल्या काही गोष्टी तुम्हाला लागू होणार नाहीत. पण शोधायची पद्धत सगळ्यांना लागू होते, स्प्रिंगर असो नाहीतर पीसीपी.

आधी पॉवरचा विषय संपवून टाकतो कारण त्या प्रश्नाखाली दोघांनी "पॉवर वाढवून घ्या, वारा कमी लागेल" असं सुचवलंय. वर्ल्ड रिमफायर अँड एअर रायफल बेंचरेस्ट फेडरेशनच्या पद्धतीनं जी कार्डं मारतात ती २५ मीटरवर, एका कार्डावर २५ मोजायची वर्तुळं, प्रत्येकाला जास्तीत जास्त १० पॉइंट, म्हणून २५०. त्यातल्या लाइट व्हार्मिंट गटात रायफल साडेदहा पौंडांपर्यंत म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास आणि ताकद १२ फूट-पाउंड, म्हणजे १६ जूलच्या थोडी वर, एवढीच चालते. जगातले चांगले नेमबाज तेवढ्यात २५० च्या अगदी जवळ जातात. आपल्याकडे २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे .१७७ आणि २० जूलच्या आत असेल तरच लायसन्स लागत नाही. म्हणजे आत्ता जी ताकद तुमच्याकडे आहे ती या खेळाला पुरेशी आहे आणि "वाढवून देतो" म्हणणाऱ्याच्या नादाला लागलात तर स्कोअर राहील बाजूला, कायद्याच्या भानगडीत अडकाल. तो सल्ला कृपया ऐकू नका.

आता शोधायचं कसं. पॉइंट तीन ठिकाणी जातात. एक रायफल आणि छर्रा, दोन तुमची मांडणी म्हणजे टेबल, उशा, स्कोप आणि तुम्ही स्वतः, आणि तीन वारा. शेतावर हे तिन्ही एकात एक मिसळलेले असतात म्हणून कळत नाही. वेगळे करायचे तर सगळ्यात आधी वारा काढून टाका. माझ्या एका मित्राचं उरुळीकडे गोडाऊन आहे, माल नसला की लांबी ३० मीटर मोकळी मिळते. शटर ओढून घ्यायचं, पंखे बंद, शेवटी वाळूची पोती आणि त्यापुढे जाड रबर, आणि कुणी मधून येणार नाही याची खात्री करून दाराशी एक माणूस उभा करायचा. डोळ्याला चष्मा हवाच. तुम्हाला गोडाऊन नाही मिळालं तर कुणाची रिकामी पोल्ट्री शेड बघा, पडदे सोडले की बर्‍यापैकी काम होतं. तेही नाही जमलं तर शेतावरच सकाळी साडेसहाला जा, थंडीत त्या वेळी झाडाचं पान हलत नसतं.

तिथे ५-५ चे ग्रुप (एकाच जागी नेम धरून मारलेल्या छर्‍यांचा पुंजका) मारू नका. ५ च्या ग्रुपवर मी विश्वास ठेवत नाही, नशिबानं कुणाचेही ५ एका भोकात जातात आणि मग माणूस त्या एका कागदाचा फोटो वर्षभर दाखवत बसतो. १० छर्‍यांचे ३ ग्रुप मारा, एकाच टेबलवर, एकाच डब्यातले. माझा स्वतःचा अंदाज असा की १० छर्‍यांचं भोक बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत १० मिलिमीटरच्या आत राहिलं तर रायफल आणि छर्रा निर्दोष समजा आणि त्यांचं नाव पुन्हा काढू नका. १५ च्या वर जात असेल तर मात्र रायफलकडे बघायला हवं आणि तेव्हा शेतावर वार्‍याचा अभ्यास करून काही उपयोग नाही.

ग्रुप मोठा आला तर तो कुठल्या दिशेला मोठा आहे ते बघा. उभा लांबट असेल तर वेग बदलतोय किंवा मागची उशी नीट नाही. आडवा लांबट असेल आणि वारा शून्य असेल तर रायफल कलतेय किंवा ट्रिगर बाजूनं ओढला जातोय. गोल पण मोठा असेल तर बहुतेक छर्रा त्या बॅरलला आवडत नाही. हे काही शंभर टक्के नसतं पण दहातल्या आठ वेळा बरोबर निघतं.

तुमच्या रायफलला रेग्युलेटर नाही, त्यामुळे उभ्या लांबीवर माझा पहिला संशय आहे. त्यासाठी एक सोपी परीक्षा सांगतो, क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) नसला तरी चालते. लांब कागद घ्या, मी वॉलपेपरच्या उरलेल्या रोलची मागची बाजू वापरतो. त्यावर आडवी सरळ रेघ मारा आणि रेघेवर ३-३ सेंटिमीटरवर ठिपके, ४० ठिपके. टाकी पूर्ण भरा आणि डावीकडून सुरू करा, प्रत्येक ठिपक्यावर एकच छर्रा, स्कोपला हात लावायचा नाही, दर ५ छर्‍यांनी गेजवरचा आकडा ठिपक्याखाली लिहायचा. ४० झाले की कागद जमिनीवर पसरून लांबून बघा. सुरुवातीचे रेघेच्या खाली दिसतील, हळूहळू वर चढतील, मध्ये एक पट्टा असा येईल की सगळे एका उंचीवर, आणि मग उतार लागेल. मधला जो सपाट पट्टा आहे तेवढाच तुमचा. माझ्या पहिल्या पीसीपीत तो १७० बारपासून (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) १२५ पर्यंत होता आणि मी मात्र ती २०० पर्यंत भरून कार्ड सुरू करायचो, म्हणजे पहिली आठ-दहा वर्तुळं मी दर वेळी हातानं घालवत होतो आणि दोष छर्‍याला देत होतो.

हे किती महत्त्वाचं आहे ते आकड्यात बघा. ८.४४ ग्रेनचा छर्रा सेकंदाला ७८० फुटांनी निघाला तर २५ मीटर जायला त्याला साधारण ०.११ सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो बॅरलच्या रेषेपासून ६ सेंटिमीटर खाली पडतो. वेगात २ टक्के फरक पडला, म्हणजे १५-१६ फूट, की हे पडणं ४ टक्क्यांनी बदलतं, अडीच मिलिमीटर. छर्राच साडेचार मिलिमीटरचा आहे. वार्‍याशिवाय, तुमची काही चूक नसताना, अडीच मिलिमीटर गेले.

ज्यांच्या रायफलला रेग्युलेटर आहे त्यांनीही निर्धास्त राहू नये. रेग्युलेटर हळूहळू गळत असेल तर वारा थांबायची वाट बघत तुम्ही दोन मिनिटं बसलात की पुढचा छर्रा वेगळ्या उंचीवर जातो. तपासायला सोपं आहे, ५ छर्रे भराभर मारा, १० मिनिटं थांबा, सहावा मारा. सहावा वर किंवा खाली वेगळाच गेला आणि दर वेळी तसंच झालं तर तुमचाही तसा "भलतीकडेच जाणारा एक" सापडला.

हवा हातपंपानं भरत असाल तर पावसाळ्यात सांभाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतका ओलावा असतो की पंपाचा फिल्टर भरतो आणि पाणी टाकीत जातं. मी त्या चार महिन्यांत पंप वापरतच नाही, सिलिंडर भरून आणतो. पावसाळ्यात कार्डाचा कागदही नरम पडतो, भोकाच्या कडा फाटतात आणि ९ का १० यावर वाद होतात, म्हणून कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मारायच्या आधी काढा.

आता स्कोप. यात माझे स्वतःचे चार महिने गेलेत. २०१६ च्या उन्हाळ्यात माझे ग्रुप अचानक उघडले, मी तीन प्रकारचे छर्रे आणले, बॅरल दोनदा साफ केलं, एका दुकानदारानं बॅरल गेलं म्हणून सांगितलं आणि नवीन बॅरलचा भावही दिला. शेवटी माझ्या मुलीनं रायफल उचलून देताना विचारलं की बाबा हे हलतंय का? स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या मागच्या माउंटचे दोन स्क्रू अर्धा आटा सैल होते. तेव्हापासून मी स्क्रूवर नेलपेंटचा बारीक टिपका लावतो, स्क्रू फिरला की टिपका तुटलेला दिसतो. तुम्ही आज घरी गेल्यावर आधी हे बघा.

दुसरं पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा सरकला की नेम सरकल्यासारखा दिसणं. आपल्याकडे बरेच स्कोप खऱ्या रायफलसाठी बनलेले असतात आणि त्यांचा पॅरॅलॅक्स १०० यार्डावर बसवलेला असतो. तसा स्कोप २५ मीटरवर वापरला आणि डोळा मध्यावरून सरकला तर ४० मिलिमीटरच्या भिंगात अगदी कडेला गेल्यावर चूक १४-१५ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. एवढा डोळा कुणी सरकवत नाही, पण त्याच्या चौथाई सरकला तरी ९ पडतो. तुमच्या ६-२४ ला बाजूला किंवा पुढे फोकसची रिंग असणार. तिच्यावर लिहिलेल्या आकड्याकडे बघू नका. रायफल उशांवर अशी ठेवा की हात न लावता ती वर्तुळावर स्थिर राहील, मग फक्त डोकं वरखाली आणि डावीउजवीकडे हलवा. क्रॉस (स्कोपमधली नेमाची फुली) वर्तुळावर सरकताना दिसला तर रिंग थोडी फिरवा, पुन्हा बघा, क्रॉस चिकटून बसेपर्यंत. माझ्या स्कोपवर ती जागा ३० च्या आकड्याच्याही पुढे येते. तिथे पांढर्‍या रंगाची रेघ मारून ठेवलीय.

तिसरं म्हणजे रायफल कलणं. वर म्हटलं तसं छर्रा ६ सेंटिमीटर पडतो, आणि स्कोप ते पडणं उभ्या रेषेत भरून काढतो. रायफल ३ अंश कलली की ते भरणं तिरकं होतं आणि छर्रा ३ मिलिमीटर बाजूला जातो. ३ अंश डोळ्याला कळत सुद्धा नाहीत. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा आणा, २५ मीटरवर टांगा, आणि रायफल तुम्ही जशी धरता तशी धरून स्कोपची उभी रेघ दोरीवर जुळते का ते बघा, मग स्कोपवर छोटी बुडबुड्याची लेव्हल लावून ती त्याच स्थितीत पक्की करा. बायपॉडवर तर हे जास्तच होतं कारण शेतातल्या जमिनीवर एक पाय थोडा खाली बसतो आणि प्रत्येक वर्तुळाला रायफल वळवताना कल बदलत जातो.

बायपॉड काढा हे वेगळं सांगायला नको. आणि मागची मूठही. मूठ म्हणजे तुमची नाडी थेट दस्त्याला जोडलेली, २४ पॉवरवर (म्हणजे २४ पट मोठं करून) क्रॉस नाचताना दिसत असेल तो तुमच्या हृदयाचा ठोका आहे. पुढे रुंद, सपाट बसणारा रेस्ट किंवा वाळूची पिशवी आणि मागे सशाच्या कानासारखी दोन टोकांची उशी, शिंप्याकडून जुन्या जीन्सची शिवून घ्या, बारीक चाळलेली कोरडी वाळू गच्च भरा. ढिली भरली की प्रत्येक छर्‍यानंतर बसते. टेबल हलतं असेल तर सगळं व्यर्थ, मी शेतावर विटांच्या दोन खांबांवर कडप्पा टाकलाय आणि स्टूल त्याला चिकटू देत नाही. पुढच्या पिशवीवर दस्ता नेमका कुठे टेकतो तिथे दस्त्याला चिकटपट्टीची खूण करा, दर वेळी तिथेच. खूण दोन बोटं पुढेमागे झाली तर उंची बदलते, स्प्रिंगरवाल्यांना तर हे फारच जाणवेल. त्यांनी रायफल घट्ट आवळायची नाही, तोल असतो तिथे मऊ टेकू द्यायचा आणि धक्का दर वेळी सारखा होऊ द्यायचा.

खांदा आणि गाल किती लावायचा यावर मतं वेगळी आहेत. काहीजण रायफलला फक्त अंगठा आणि ट्रिगरचं बोट लावतात. मी खांदा हलका लावतो, गाल नाही. तुम्ही दोन्ही करून बघा, पण एका कार्डात एकच पद्धत. छर्रा सुटल्यावर लगेच मान उचलून बघायची सवय असेल तर ती मोडा, क्रॉस पुन्हा वर्तुळावर येऊन बसेपर्यंत ट्रिगर दाबलेलाच ठेवा.

इथपर्यंतचं सगळं गोडाऊनमध्ये तपासता येतं. रायफल १० मिलिमीटरच्या आत, दाबाचा पट्टा सापडला, स्कोप पक्का, रायफल सरळ, उशा घट्ट, एवढं झालं की मग शेतावर जे पॉइंट जातील ते वार्‍याचे. आणि माझ्या अनुभवानं तुमचे निम्म्याहून जास्त तिथेच जातायत, कारण तुम्ही निवडलेली वेळच ११ ते १ ची आहे.

या वेळेत दोन गोष्टी होतात. नांगरलेली जमीन तापते आणि २४ पॉवरवर वर्तुळ पाण्यात पडल्यासारखं हलतं, तुम्ही नेम धरता ती त्याची खरी जागा नसतेच. आणि वारा सुटतो, तोही डोंगराच्या खिंडीतून येणारा, एकसारखा नाही, थांबून थांबून. एप्रिल-मे मध्ये तर संध्याकाळी पश्चिमेचा वारा जोरात येतो. मी फेब्रुवारी ते मे मध्ये सकाळी सव्वासहाला टेबल लावतो आणि साडेनऊला आवरतो. फक्त वेळ बदलून तुमचे पॉइंट वाढतील याची मला जवळपास खात्री आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. मॅचची वेळ काही तुम्ही ठरवणार नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा मुद्दाम वार्‍यात बसा.

वारा किती नेतो? आडवा वारा सेकंदाला १ मीटर, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटर, अंगाला जेमतेम लागतो, तोही २५ मीटरवर ८.४४ ग्रेनचा छर्रा साधारण ७ मिलिमीटर बाजूला नेतो. दीड छर्रा झाला. आता विचार करा की झाडाच्या फांद्या हलत असताना तुम्ही मधोमध नेम धरून ट्रिगर दाबताय आणि मग वजनकाटा घ्यायचा विचार करताय.

त्यासाठी फडकी लावा. विकतची नकोत. सायकलच्या जुन्या तारा जमिनीत रोवा, टोकाला ३० सेंटिमीटर लोकरीचा धागा बांधा, शक्यतो भडक केशरी. लोकर हलक्या वार्‍यालाही उचलते, प्लास्टिकची रिबन जड पडते. टेबलापासून ५, १२ आणि २० मीटरवर एकेक, छर्‍याच्या वाटेच्या थोडं खाली आणि बाजूला, नाहीतर स्कोपमध्ये आडवी येतात. टेबलाजवळच्या फडक्याला जास्त मान द्या. तिथे छर्‍याला जो धक्का बसतो तो उरलेलं सगळं अंतर वाढत जातो, टार्गेटजवळच्या वार्‍याला तेवढा वेळच मिळत नाही. बहुतेक लोक नेमकं उलट करतात, टार्गेटजवळचं गवत बघतात कारण स्कोपमध्ये तेच दिसतं.

मग वार्‍याचा अंदाज घेऊन किती बाजूला धरायचं ते ठरवत बसायचं का? सुरुवातीला नाही. माझी पद्धत सांगतो. टेबलावर बसलो की पहिली तीन-चार मिनिटं एकही छर्रा मारत नाही, फक्त धागे बघतो. दर ठिकाणच्या वार्‍याची एक आवडती चाल असते. उदाहरणार्थ आमच्या जागी सकाळी आठनंतर डावीकडून हलका वारा येतो, तिन्ही धागे ३०-४० अंशांवर उचलतो, १०-१५ सेकंद टिकतो, मग पडतो, मग मिनिटभरात परत तसाच. मी तीच चाल पकडतो. कार्डावर न मोजायची साइटर वर्तुळं असतात, तिथे हवे तेवढे छर्रे मारता येतात. त्या चालीत दोन साइटर मारतो, छर्रा ५ मिलिमीटर उजवीकडे गेला तर तेवढं डावीकडे धरतो, तिसरा साइटर मध्ये गेला की मोजायच्या वर्तुळावर येतो आणि ती चाल टिकेपर्यंत ३, ४, कधी ६ छर्रे पटापट. धागा बदलला की बोट ट्रिगरवरून बाहेर. परत चाल आली की आधी एक साइटर, मग पुढे. स्कोपच्या घुंड्या कार्डाच्या मध्ये फिरवत नाही, फिरवल्या की शेवटी आपण कुठे होतो तेच लक्षात राहत नाही.

यात सगळ्यात अवघड काय असेल तर न मारणं. क्रॉस मध्यावर आहे, ट्रिगरचा पहिला टप्पा घेतलाय, आणि डोळ्याच्या कोपर्‍यातून जवळचा धागा खाली पडताना दिसतो. अशा वेळी माणूस मारतोच. मी पण वर्षानुवर्षं मारत होतो. मग एक काम केलं, वहीत प्रत्येक कार्डासमोर लिहायला लागलो की किती छर्रे मला "मारायला नको होते" असं सुटायच्या क्षणीच कळलं होतं. पहिल्या महिन्यात कार्डामागे ६-७ निघाले. म्हणजे ६-७ वेळा मला माहीत होतं आणि तरी मारलं. तो आकडा २ वर आला तेव्हा माझा स्कोअर २२८ वरून २४० च्या आसपास आला, रायफल तीच, छर्रे तेच.

आणि हो, बाजूचा वारा छर्‍याला नुसतं आडवं नेत नाही, थोडं वर किंवा खालीही नेतो, कारण छर्रा फिरत असतो. किती आणि कुठे ते तुमच्या बॅरल-छर्‍याच्या जोडीवर आहे. साइटरवर डावीकडच्या वार्‍यात ५ आणि उजवीकडच्या वार्‍यात ५ मारून ठेवा, तो कागद टेबलावर चिकटवा. नाहीतर वार्‍यानं झालेलं वरखाली तुम्ही परत दाबाच्या किंवा उशीच्या खात्यावर टाकाल.

छर्‍यांबद्दल थोडक्यात. वजन करून मला कधी मोठा फायदा दिसला नाही, चांगल्या डब्यात फरकच कमी असतो. डोळ्यानं निवडणं मात्र मी कधी चुकवत नाही. छर्रा उताणा धरून टॉर्चच्या उजेडात त्याच्या घेराची कड बघायची, कुठे दबलेली, अंडाकृती झालेली दिसली की तो सरावाच्या डब्यात. कुरियरनं आलेल्या डब्यात असे जास्त निघतात, एकदा मला एका दुकानातून आलेल्या ५०० च्या डब्यात ७० च्या वर निघाले होते. डोक्याचं माप ४.५०, ४.५१, ४.५२ असं मिळतं, दोन-तीन मापं थोडी थोडी आणून गोडाऊनमध्ये १०-१० मारून बघा, आणि एक आवडलं की डब्यावरचा लॉट नंबर बघून त्याच लॉटचे शक्य तेवढे घ्या. १० मीटरचे चपट्या डोक्याचे छर्रे इथे वापरू नका. बालेवाडीला १० मीटरच्या बंद हॉलमध्ये सराव केलेले काहीजण ते घेऊन येतात, पण ते छर्रे त्या अंतरासाठी आहेत, उघड्यावर २५ ला वारा त्यांना जास्त नेतो. आणि छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय डबा उघडून पोहे खाऊ नका, घरी लहान मुलं असतील तर अजून सांभाळा.

बॅरल बदलायचा विचार सोडा. साफ पण उगाच करू नका, साफ केल्यावर पहिले ३०-४० छर्रे इकडेतिकडे जातात, मग बसतात. ग्रुप उघडायला लागला तरच, आणि लोखंडी सळई न घालता दोरीनं कापड ओढून.

आता तुम्ही करायचं ते असं. जुनी कार्डं टाकली नसतील तर शेवटची १० काढा. प्रत्येक वर्तुळ बघून कोर्‍या कागदावर एकाच मध्याभोवती सगळे २५० छर्रे टिंबानं मांडा, पेन्सिलनं, तासभर लागेल. आडवा लांब ढग दिसला तर वारा, उभा दिसला तर दाब आणि उशी, आणि कार्डावर पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांना वेगळे रंग देऊन बघा, पहिल्या ओळीतलेच खाली असतील तर टाकी जास्त भरताय. ढगाचा फोटो, स्क्रूचा आणि टेबलाचा फोटो, आणि तो ४० ठिपक्यांचा कागद इथे टाका. गोडाऊनची अडचण असेल तर मला मेसेज करा, पुढचे दोन रविवार आमचं मोकळं आहे, सकाळी ७ ला सुरू करतो, येताना तुमचाच छर्‍यांचा डबा आणि रिकाम्या पिशव्या आणा, वाळू तिथे आहे.